रीटची युनिट्स: कंपनीचा हिशेब लिहिणाऱ्याच्या नजरेतून

रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या ऑफिस-मॉलच्या इमारती बाळगणारा आणि आलेले भाडे वाटणारा न्यास, आणि त्यातला शेअरसारखा विकत मिळणारा हिस्सा म्हणजे युनिट. या युनिट्सवर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक घरगुती गुंतवणूकदाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. मुदत ठेवीपेक्षा परतावा बरा की वाईट, दुसरा फ्लॅट घेण्याऐवजी हे घ्यावे का, असे त्यातले प्रश्न असतात. हा आढावा त्या वाचकासाठी नाही. सूचीबद्ध नसलेल्या, मध्यम आकाराच्या एखाद्या कारखानदार कंपनीने आपल्या शिल्लक रकमेचा काही भाग या युनिट्समध्ये ठेवला, तर तिचे हिशेब लिहिणाऱ्याला, ताळेबंदावर सही करणाऱ्या संचालकाला आणि तपासणीला येणाऱ्या लेखापरीक्षकाला ही वस्तू कशी वाटते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. स्थावर मालमत्तेशी जोडलेल्या ज्या ज्या रोख्यांचा हिशेब माझ्या टेबलावरून गेला आहे, त्यांत रीटचे युनिट सर्वांत सरळ आहे, कारण त्याची पडलेली किंमत कोणालाही झाकून ठेवता येत नाही. मात्र त्याचे वितरण ज्या स्वरूपात बँकेत जमा होते, ते स्वरूप हिशेबाला अडचणीचे आहे, आणि नोंद करणाऱ्याने ते तुकडे वेगळे केले नाहीत, तर जो नफा कधी झालाच नाही तो पत्रकात दिसू लागतो.

वस्तूची ओळख थोडक्यात करून देतो. सेबीने रीटचे नियम 2014 मध्ये आणले, पण पहिला रीट बाजारात यायला 2019 चा एप्रिल उजाडला. तो होता एम्बसी ऑफिस पार्क्स, 300 रुपये इश्यू किमतीचा. त्यानंतर ऑगस्ट 2020 मध्ये माइंडस्पेस, फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रुकफिल्ड इंडिया, मे 2023 मध्ये मॉलवाला नेक्सस सिलेक्ट आणि ऑगस्ट 2025 मध्ये नॉलेज रियल्टी असे रीट आले. यांच्या मालमत्तांपैकी बऱ्याच आपल्या पाहण्यातल्या आहेत: हिंजवडीतले एम्बसी क्वाड्रन आणि टेकझोन, नरिमन पॉइंटचे एक्स्प्रेस टॉवर्स, ऐरोलीतली माइंडस्पेसची संकुले, येरवड्याचे आणि खराडीचे कॉमरझोन, सीवूड्सचा मॉल. किमान 80 टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि भाडे देणारी असली पाहिजे, वाटपयोग्य रोकडीचा किमान 90 टक्के भाग युनिटधारकांना दिला पाहिजे, आणि स्वतंत्र मूल्यांककाकडून वर्षातून एकदा पूर्ण मूल्यांकन व सहामाहीला त्याची सुधारणा झाली पाहिजे, हे सेबीच्या नियमांचे तीन खांब आहेत. खरेदी शेअरसारखीच डीमॅट खात्यात होते. जुलै 2021 पासून एक युनिटही घेता येत असल्यामुळे लहान कंपनीलाही रक्कम हवी तशी बसवता येते. खरेदीच्या बाजूने तक्रार करावी असे काहीच नाही. सौद्याचे टिपण येते, दलालीसह खर्च गुंतवणुकीच्या खात्यात जातो, आणि विषय संपतो.

विषय पुन्हा सुरू होतो तो पहिल्या वितरणाला. रीटच्या खालच्या इमारती बहुधा स्वतंत्र कंपन्यांच्या नावावर असतात, आणि रीटने त्या कंपन्यांमध्ये भांडवलही घातलेले असते आणि त्यांना कर्जही दिलेले असते. इमारतीचे भाडे वरती येते ते म्हणूनच एका रूपात येत नाही. काही भाग कर्जावरील व्याज म्हणून, काही लाभांश म्हणून, काही त्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड म्हणून आणि किरकोळ भाग इतर उत्पन्न म्हणून येतो. बँकेत मात्र तो एका दिवशी येतो, आणि बँकेचे विवरण पाहून व्हाउचर करणारा मुलगा 'रीट उत्पन्न' असे एकच खाते उघडून सगळे त्यात टाकतो. येथेच सगळी गडबड आहे.

उदाहरणासाठी आकडे गृहीत धरतो. समजा कंपनीने 10,000 युनिट्स दर युनिटला 350 रुपयांनी, म्हणजे 35,00,000 रुपयांना घेतली. तिमाहीचे वितरण दर युनिटला 5.50 रुपये आले. त्यात व्याज 1.20, लाभांश 2.30, कर्जफेडीचा भाग 1.90 आणि इतर 0.10. वर्षभर हेच प्रमाण राहिले असे मानू, म्हणजे वर्षात 2,20,000 रुपये आले आणि त्यांपैकी 76,000 रुपये हे कर्जफेडीचे होते. हे 76,000 रुपये उत्पन्न नाही. आपणच दिलेल्या भांडवलाचा तो तुकडा परत आला आहे, म्हणून तो गुंतवणुकीच्या खात्यातून वजा झाला पाहिजे आणि वहीतली किंमत 34,24,000 रुपयांवर आली पाहिजे. यात कोणताही नवा शोध नाही. गुंतवणुकींच्या हिशेबाचे लेखामानक 13 स्वतःच सांगते की व्याज आणि लाभांश सर्वसाधारणपणे उत्पन्न असले, तरी काही प्रसंगी अशी आवक म्हणजे खर्चाची वसुली असते आणि ती उत्पन्नात धरायची नसते. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या नव्या मानकांतल्या भारतीय लेखामानक 109 (वित्तीय साधने) चेही लाभांशाविषयी हेच म्हणणे आहे.

आता वर्षअखेर युनिटचा बाजारभाव 325 रुपये आहे असे धरा. जी कंपनी भारतीय लेखामानके, म्हणजे इंड एएस पाळते आणि युनिट्स नफा-तोट्यातून रास्त मूल्याने, म्हणजे बाजारभावातला फरक थेट नफ्या-तोट्यात घेऊन, दाखवते, तिच्या बाबतीत व्हाउचर करणाऱ्या मुलाची चूक एकूण आकड्यात दिसतच नाही. त्याने 2,20,000 उत्पन्न दाखवले आणि 35,00,000 वरून 32,50,000 वर येताना 2,50,000 चा तोटा घेतला, तर निव्वळ परिणाम 30,000 चा तोटा होतो. बरोबर नोंद केली असती, तर 1,44,000 उत्पन्न आणि 34,24,000 वरून 32,50,000 वर येण्याचा 1,74,000 चा तोटा, म्हणजे पुन्हा 30,000 चाच तोटा. ओळी बदलतात, बेरीज तीच राहते. पण आपल्यासारख्या कंपन्या, म्हणजे ज्यांची निव्वळ मालमत्ता 250 कोटींच्या आत आहे आणि ज्या सूचीबद्ध नाहीत, त्या सहसा जुन्या लेखामानक 13 वर चालतात. दीर्घकालीन गुंतवणूक तेथे खर्चाच्या किमतीला धरली जाते, आणि किमतीतली घट तात्पुरती आहे असे ठरले तर तिची तरतूदच होत नाही. अशा वहीत तीच चूक 76,000 रुपयांनी नफा फुगवते, आणि ती चूक पकडायला बाजारभाव मदतीला येत नाही. म्हणजे ज्या कंपनीला हिशेब सोपा वाटतो, तिच्याच वहीत या युनिट्सचा धोका जास्त आहे. ही गोष्ट कोणत्याही दलालाच्या माहितीपत्रकात मला आढळली नाही.

तुकडे कोठून कळतात, याबाबत मात्र रीट चालवणाऱ्यांना चांगले गुण द्यावे लागतील. वितरण जाहीर होते त्याच दिवशी शेअर बाजाराला दिलेल्या घोषणेत दर युनिटामागे व्याज किती, लाभांश किती, कर्जफेड किती, हे पैशांपर्यंत छापलेले असते. आमच्याकडे आता नियम असा आहे की ती घोषणा व्हाउचरला जोडल्याशिवाय टॅलीत नोंद करायची नाही. खाती चार ठेवली आहेत, आणि कर्जफेडीचा भाग थेट गुंतवणुकीच्या खात्यातून वजा होतो. एवढी शिस्त एकदा लावली की तिमाहीचे काम चहा गार व्हायच्या आत होते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे मूल्यघटीकडे येतो. लेखामानक 13 च्या वहीत प्रश्न असा असतो की 342.40 रुपयांना धरलेले युनिट बाजारात 325 ला मिळत असेल, तर ही घट तात्पुरती आहे की नाही. मानक तीन खुणा पाहायला सांगते: बाजारभाव, ज्या संस्थेत पैसे आहेत तिची मालमत्ता व कामगिरी, आणि त्या गुंतवणुकीतून येऊ घातलेली रोकड. रीटच्या युनिटची खरी किंमत मला येथे कळली, कारण या तिन्ही खुणा त्याच्याबाबत जाहीर आणि नियमित मिळतात. बाजारभाव रोजचा आहे. मूल्यांककाने काढलेले निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेरचे जाहीर होते, आणि मार्चचे मूल्य कंपनीचे हिशेब मंजूर होण्याच्या बरेच आधी हातात पडते. किती जागा भाड्याने गेली आहे, करार सरासरी किती वर्षांचे उरले आहेत, कोणत्या इमारतीत किती मजले रिकामे आहेत, हेही तिमाहीला कळते. एखाद्या बिल्डरच्या खाजगी डिबेंचरबाबत, म्हणजे कर्जरोख्याबाबत, यातली एक खूण मिळवायला पत्रव्यवहार करावा लागतो.

ब्रुकफिल्ड इंडियाचे उदाहरण घेतले तर हा निर्णय कसा करावा लागतो ते नीट दिसते. 275 रुपयांना आलेले हे युनिट 2023-24 मध्ये बराच काळ इश्यू किमतीच्या खाली होते. ज्या कंपनीने ते पहिल्याच दिवशी घेतले होते, तिच्या लेखापरीक्षकाला नुसते 'बाजार आहे, वर-खाली होणारच' हे उत्तर पुरणार नव्हते, कारण घट काही दिवसांची नव्हती. घटीची कारणे मात्र एका जातीची नव्हती. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.50 टक्क्यांवर नेला, आणि भाड्यावर चालणाऱ्या प्रत्येक कागदाची किंमत त्याने दाबली. हे कारण व्याजदराच्या चक्राचे आहे, इमारतीचे नाही. दुसरे कारण इमारतीचेच होते. विशेष आर्थिक क्षेत्रात 31 मार्च 2020 नंतर सुरू होणाऱ्या उद्योगांना प्राप्तिकराची सवलत उरली नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतले मजले रिकामे राहू लागले, आणि साधा भाडेकरू तेथे आणता येत नव्हता. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने मजल्यागणिक जागा क्षेत्राबाहेर काढायची मुभा दिली, तेव्हा ती कोंडी सैल झाली. मार्च 2023 च्या ताळेबंदात ही मुभा नव्हती; मार्च 2024 च्या ताळेबंदात होती. त्यामुळे एकच युनिट, जवळपास तीच घट, आणि दोन वर्षांच्या टिपणांत कारणमीमांसा वेगळी, असे होणे स्वाभाविक होते, आणि तसे टिपण लिहिलेले असणे हीच लेखापरीक्षकाची अपेक्षा असते. तरतूद केली की नाही यापेक्षा ती का केली किंवा का केली नाही, हे त्या वर्षी उपलब्ध असलेल्या माहितीवर लिहून ठेवणे जास्त उपयोगी पडते.

संचालक मंडळींचा एक आवडता युक्तिवाद येथे ठरलेला असतो. एनएव्ही बाजारभावापेक्षा जास्त आहे, मग बाजारभावाने कमी कशाला दाखवायचे? जुन्या मानकाखाली दीर्घकालीन गुंतवणुकीसाठी हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही, कारण संस्थेची मालमत्ता ही मानकानेच सांगितलेली खूण आहे. पण एनएव्ही हा इमारती विकून कर्ज फेडले तर काय उरेल याचा अंदाज आहे, आणि भारतातली ऑफिस रीटची युनिट्स त्या अंदाजाच्या खाली वर्षानुवर्षे विकली गेली आहेत. इमारती विकायला निघालेल्या नाहीत आणि युनिटधारकाला त्या विकायला लावण्याचा अधिकारही व्यवहारात नाही. म्हणून मी एनएव्हीला साक्षीदार मानतो, न्यायाधीश मानत नाही. चालू गुंतवणूक असेल, म्हणजे वर्षाच्या आत विकायच्या हेतूने घेतलेली असेल, तर हा वादच नाही. तेथे खर्च आणि रास्त मूल्य यांतले जे कमी ते धरायचे. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चालू गुंतवणुकीला 'दीर्घकालीन' असे नवे नाव देऊन घट टाळण्याची जी कल्पना कोणाला तरी दरवर्षी सुचते, तिला मानकाने आधीच आडकाठी घातली आहे: असा बदल करायचा तर बदलाच्या दिवशीच्या खर्च व रास्त मूल्य यांतल्या कमी आकड्यानेच करावा लागतो.

इंड एएस पाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे मूल्यघटीचा हा प्रश्न त्या रूपात येत नाही, कारण रास्त मूल्यातच सगळे सामावलेले असते. सक्रिय बाजारातला उद्धृत भाव असल्यामुळे युनिट रास्त मूल्याच्या पहिल्या, म्हणजे थेट बाजारभावाच्या, स्तरात मोडते, आणि तेथे भावात हात घालायला जागा नाही. एनएव्ही जास्त आहे म्हणून वर नेता येत नाही, आणि आपल्याकडे मोठा गठ्ठा आहे, तो एकदम विकला तर भाव पडेल, म्हणून खालीही आणता येत नाही. वित्त विभागांना याचा त्रास होतो, कारण व्यवसायाशी संबंध नसलेली हालचाल दर तिमाहीला नफ्यात येते. मग साहजिकच विचारणा होते की ही युनिट्स समभागाप्रमाणे 'इतर सर्वसमावेशक उत्पन्ना'तून, म्हणजे नफ्याच्या आकड्याबाहेरच्या ओळीतून, दाखवता येतील का. तसा पर्याय फक्त खऱ्या समभाग साधनांना आहे, आणि येथे रीटच्या स्वतःच्या वार्षिक अहवालातली टीप वाचण्यासारखी असते. तीत रीट सांगतो की रोकडीचा किमान 90 टक्के भाग वाटणे बंधनकारक असल्यामुळे युनिटधारकांच्या निधीत वित्तीय दायित्वाचाही अंश आहे, तरीही सेबीच्या परिपत्रकानुसार तो सगळा निधी समभाग म्हणून दाखवला आहे. म्हणजे रीटच्या ताळेबंदात 'समभाग' हे नाव नियामकाच्या निर्देशाने आलेले आहे. गुंतवणूकदार कंपनीने त्या नावावर विसंबून पर्याय निवडायचा का, यावर दोन मते ऐकायला मिळतात. माझे मत सावध बाजूला आहे: नफा-तोट्यातून दाखवावे, आणि हेलकावे सहन होत नसतील तर रक्कम कमी ठेवावी.

ही वस्तू चांगली की वाईट हे तिच्या शेजारी काय ठेवतो यावर ठरते. कंपन्यांच्या खजिन्यात स्थावर मालमत्तेशी जोडलेले इतर कागद म्हणजे गृहवित्त कंपन्यांची आणि बिल्डरांची अपरिवर्तनीय डिबेंचर्स, आणि पर्यायी गुंतवणूक निधींची, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांच्या खाजगी निधींची, युनिट्स. डिबेंचर हिशेबाला गोड वाटते. ठरलेले व्याज, ठरलेली तारीख, परिशोधित खर्चावर (बाजारभाव न पाहता, खरेदीची किंमत व ठरलेले व्याज यांवरून) नोंद, ताळेबंदात सरळ रेषा. पण ती रेषा शेवटच्या दिवसापर्यंत सरळ असते आणि मग एकदम तुटते. मुंबईच्या डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे उदाहरण अजून कोणी विसरलेले नसेल. 2019 च्या सुरुवातीपर्यंत वरच्या पतश्रेणीत असलेला तिचा कागद त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्याज चुकल्यावर 'डी', म्हणजे थकबाकीदार, श्रेणीत गेला. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले, आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये पिरामल समूहाने ती कंपनी घेतली तेव्हा रोखेधारकांच्या वाट्याला मूळ रकमेचा काही हिस्साच आला. मधल्या दोन ताळेबंदांत ज्यांच्याकडे हे डिबेंचर होते, त्यांना किती तरतूद करावी हे ठरवायला खात्रीचा भाव नव्हता.

इंड एएस 109 ने अपेक्षित पतहानीची, म्हणजे कर्ज बुडण्याच्या अंदाजाची, तीन टप्प्यांची पद्धत आणली ती नेमकी यावर उपाय म्हणून: पहिल्या दिवसापासून पुढील 12 महिन्यांच्या संभाव्य हानीची तरतूद, पतजोखीम लक्षणीय वाढली की पूर्ण मुदतीची, आणि 30 दिवसांची थकबाकी झाली की जोखीम वाढली असे गृहीतक, जे पुराव्याने खोडता येते. पद्धत चांगली आहे. पण मध्यम कंपनीत एकाच बिल्डरच्या एकाच डिबेंचरसाठी बुडण्याची शक्यता टक्क्यांत काढायची म्हणजे श्रेणी संस्थेच्या तक्त्यातला आकडा उचलायचा, हे सर्वांना माहीत असते, तपासणाऱ्यालासुद्धा. शिवाय ज्या डिबेंचरचे व्याज प्रकल्पाच्या विक्रीशी बांधलेले असते, ते 'फक्त मुद्दल आणि त्यावरचे व्याजच मिळते' या मानकाच्या कसोटीला उतरत नाही आणि परिशोधित खर्चावर ठेवताच येत नाही. ही गोष्ट करारनाम्याच्या चाळिसाव्या पानावर असते आणि खरेदीच्या दिवशी कोणी वाचत नाही. निधींच्या युनिट्सबाबत एवढेच म्हणतो की मूल्य व्यवस्थापकाकडून येते, उशिरा येते, आणि त्यामागची गृहीतके मागावी लागतात.

अमेरिकेत हाच प्रवास जास्त महागात शिकला गेला. व्यापारी इमारतींच्या गहाणखतांवर काढलेले रोखे बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी तेथेही 'तात्पुरती नसलेली घट' हीच कसोटी होती. 2008 च्या पडझडीनंतर, एप्रिल 2009 मध्ये, तेथील मानकमंडळाने ती बदलली आणि विक्रीचा इरादा नसलेल्या रोख्यांत पतहानीचा भाग नफा-तोट्यात व उरलेली घट इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, अशी वाटणी केली. पुढे 2016 च्या दुरुस्तीने ती कसोटीही गेली आणि तिच्या जागी उलटवता येणारी तरतूद आली. आपले लेखामानक 13 अजून जुन्याच कसोटीवर आहे. फरक एवढाच की त्याखाली कारण दूर झाले की तरतूद उलटवता येते, आणि रीटसारख्या रोज भाव असलेल्या कागदाबाबत ही सोय खरोखर वापरता येते.

करांच्या बाबतीत मात्र या वस्तूला मी अर्धेच गुण देईन. व्याजाचा भाग पूर्ण करपात्र आणि त्यावर 10 टक्के उद्गम करकपात (टीडीएस). लाभांश करपात्र आहे की नाही हे खालच्या इमारत-कंपनीने कमी दराची करव्यवस्था निवडली आहे का यावर अवलंबून. कर्जफेडीचा भाग 2023 च्या वित्त कायद्यानंतर युनिटच्या खर्चातून वजा होतो, आणि अशा वाटपाची एकूण बेरीज इश्यू किमतीच्या पुढे गेली की त्यापुढचा भाग करपात्र. यातली मेख 'इश्यू किमती'त आहे. कंपनीने बाजारातून 350 ला घेतलेल्या युनिटची मूळ इश्यू किंमत 300 असेल तर मोजणी 300 शी होते, आणि आधीच्या धारकाला मिळालेले वाटपही त्या बेरजेत येते. परिणामी वहीतली किंमत आणि करासाठीची मोजणी यांचा एक स्वतंत्र तक्ता ठेवावा लागतो. रास्त मूल्याने दाखवणाऱ्या कंपनीला त्यावर स्थगित कराचीही, म्हणजे पुढे विक्रीच्या वेळी लागणाऱ्या कराची, नोंद करावी लागते: जुलै 2024 च्या बदलानंतर युनिट्स 12 महिन्यांत दीर्घकालीन होतात आणि दर 12.50 टक्के लागतो, त्यामुळे न विकलेल्या नफ्यावर दायित्व धरणे सोपे आहे. न विकलेल्या तोट्यावर स्थगित कर मालमत्ता धरण्यापूर्वी मात्र पुढे भांडवली नफा होणार आहे याचा आधार दाखवावा लागतो, आणि यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कंपनीकडे तो बहुधा नसतो.

वर्षअखेरीच्या वेळेचा एक प्रश्न राहतो. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे वितरण एप्रिल अखेरीस किंवा मे महिन्यात जाहीर होते. भाडे मार्चपर्यंतचे असले, तरी ते मिळण्याचा युनिटधारकाचा हक्क जाहीर झाल्यावरच तयार होतो, म्हणून 31 मार्चला त्याची येणे रक्कम दाखवायची नाही. रास्त मूल्याने हिशेब ठेवणाऱ्यांनी तर मुळीच नाही, कारण 31 मार्चच्या भावात ते येऊ घातलेले वितरण धरलेलेच असते आणि येणे दाखवले तर ते दोनदा मोजले जाते. 'जमा तत्त्व' म्हणून ही नोंद आग्रहाने करणारे हिशेबनीस मी पाहिले आहेत.

मग कोणी घ्यावे? ज्या कंपनीला तीन-चार वर्षे न लागणारी रक्कम ठेवायची आहे, जिच्या संचालकांना घट दिसली तर ती घट म्हणून वाचता येते, आणि जिच्या हिशेब विभागात बाजाराची घोषणा वाचून चार खात्यांत नोंद करणारा एक माणूस आहे, तिने बिल्डरच्या दीड-दोन टक्के जास्त व्याजाच्या डिबेंचरपेक्षा ही युनिट्स बेलाशक घ्यावीत. सहा महिन्यांनी कच्च्या मालासाठी लागणारा पैसा येथे ठेवू नये. त्याला लिक्विड फंड आहेत. बँकेच्या कर्जकराराप्रमाणे ज्यांना निव्वळ नफ्याचे एखादे गुणोत्तर दर तिमाहीला सांभाळावे लागते आणि जे इंड एएस पाळतात, त्यांनी आधी बँकेशी बोलून रास्त मूल्याचे बदल त्या गुणोत्तरातून वगळून घ्यावेत.

रीट चालवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. युनिटधारकाला वर्षाच्या वाटपाची फोड देणारे नमुना 64बी चे विवरण येते, ते ताळेबंदाच्या कामाच्या मानाने उशिरा येते आणि त्यातले तुकडे कराच्या भाषेत असतात, हिशेबाच्या नव्हे. त्याच विवरणात युनिट सुरू झाल्यापासूनच्या कर्जफेडीच्या वाटपाची चालू बेरीज एका ओळीत दिली, तर बाजारातून युनिट्स घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला जुन्या तिमाहींच्या घोषणा शोधत बसावे लागणार नाही.